शब्दचर्चा : जुनी चर्चा ‘उकरून काढली’, ‘वर काढली’ की ‘सांधली’?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. एका शब्दावरून आठ दिवस डोक्यात चाललंय, म्हणलं इथं विचारावं आणि मला काय वाटतं तेपण मांडावं.

झालं असं की आम्ही पक्षी बघणारे काही जण ऑनलाईन एकत्र आहोत, सगळे हौशी, कोणी बँकेत कोणी शाळेत, रविवारी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जायचं आणि फोटो टाकायचे. तिथं मी काहीतरी शोधताना सहा वर्षांपूर्वीची एक चर्चा सापडली. एकानं फोटो टाकून विचारलेलं, ही टिटवीच ना? दोघा-तिघांनी हो म्हणलेलं आणि विषय संपलेला. पण फोटोत चोचीच्या मुळाशी लोंबणारं कातडं स्वच्छ पिवळं दिसत होतं, डोक्यावर काळी टोपी आणि तिच्याखाली पांढरी पट्टी. ती माळटिटवी आहे. साध्या टिटवीचं कातडं लाल असतं आणि चोचपण लाल, टोकाला काळी. तर मी तिथंच खाली लिहिलं की उत्तर चुकलंय, आणि ती चर्चा सगळ्यांना परत वर दिसायला लागली. तासाभरात एकाचं उत्तर, “मढी उकरू नका.” जवळचा मित्र संध्याकाळी चहाला भेटला तोपण म्हणाला, “कशाला काढलालास बे ते आता?”

आणि रात्री ज्यानं मुळात विचारलं होतं त्याचा मेसेज आला. त्यानं त्या फोटोखाली सहा वर्षं ‘टिटवी’ लिहून ठेवलं होतं, आता बदललं म्हणाला.

मला वाईट वाटलं ते ‘मढी’ या शब्दाचं. म्हणून मूळ प्रश्न हा की जुन्या चर्चेत पुन्हा बोलायला मराठीत नेमका शब्द कोणता वापरावा, कारण शब्द निवडला की त्या माणसाबद्दलचं मतपण आपोआप ठरतं.

आधी ‘उकरणे’ घ्या. कोंबडी उकिरडा उकरते, कुत्रं माती उकरतं, आणि माणूस जुनी भांडणं उकरून काढतो. हा शब्द चांगल्या कामाला लावलेला मी तरी ऐकला नाही. विहीर आपण खणतो, पाया खणतो, विहीर उकरली असं कोणी म्हणत नाही. उकरण्यात वरवर खरवडणं आहे, आणि जे मुद्दाम झाकलेलं होतं ते उघडं करणं आहे. ‘मढी उकरणे’ म्हणजे त्याच्याही पुढची पायरी. इंग्रजीत याला ‘नेक्रो’ म्हणतात, ग्रीक ‘नेक्रोस’ म्हणजे मेलेला, त्यावरून आलेलं, म्हणजे तिकडंपण कल्पना प्रेताचीच. पण चर्चा मरते का हो? शेवटी बोलणारा गप्प झाला एवढंच झालेलं असतं. अनुत्तरित प्रश्न तर मुळीच मेलेला नसतो, तो तिथं बसून वाट बघत असतो.

‘वर काढणे’ मला बरं वाटतं, आणि मराठी लोकांनी हे स्वतःच रुळवलंय. यात ‘काढणे’ हे क्रियापद आहे ते बघण्यासारखं आहे. आपण चित्र काढतो, फोटो काढतो, दूध काढतो, कर्ज काढतो, खोड काढतो, विषय काढतो, आठवण काढतो. आठवण ‘येते’ तेव्हा ती आपसूक येते, आठवण ‘काढली’ की ती कोणीतरी मनावर घेऊन काढलेली असते. तसंच चर्चा ‘वर आली’ आणि चर्चा ‘वर काढली’ यात फरक आहे. काढणारा कोणीतरी आहे, त्याच्याकडं कारण असलं पाहिजे. विहिरीतून बादली वर काढतात तेव्हा तिच्यात पाणी असावं ही अपेक्षा असते. रिकामी बादली वर काढली की बघणाऱ्यांना राग येणारच, म्हणजे ‘छान’, ‘मस्त फोटो’, ‘मलापण हेच विचारायचं होतं’ एवढंच लिहायला पाच वर्षांपूर्वीचं वर आणलं तर. बादलीला मात्र टीका-कौतुक काही चिकटलेलं नाही, म्हणून शब्द म्हणून हा स्वच्छ आहे.

‘खपली काढणे’ वेगळंच. ते फक्त भांडणाला आणि दुःखाला.

आता ‘शिळ्या कढीला ऊत’. सगळ्यात जास्त हाच फेकला जातो. ऊत म्हणजे उतू येणं, कहाणीतलं ‘उतणार नाही, मातणार नाही’ त्यातलंच ते उतणं. कढी ताजी असतानाच उकळी येईपर्यंत ढवळत राहावं लागतं नाहीतर फुटते, शिळी परत जोरात उकळवली तर तर विचारूच नका, ताक वेगळं पाणी वेगळं. म्हणजे म्हणीतला दोष शिळेपणाचा कमी आणि ऊत आणण्याचा जास्त आहे असं मला वाटतं. हळू गरम केली तर शिळी कढी खाता येते की. आणि सोलापूरच्या माणसाला ‘शिळं’ हा शब्द शिवीसारखा वापरलेला पटणारच नाही, आमची कडक भाकरी मुळात कित्येक दिवस राहावी म्हणूनच केलेली असते, प्रवासाला बांधून नेतात, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर आठ दिवसांनीपण तीच चव. राहिलेली मऊ भाकरी असेल तर कुस्करून कांदा घालून फोडणी. काही गोष्टी टिकाऊच असतात आणि काही गोष्टी फोडणीनं परत खाण्याजोग्या होतात. कुठल्या चर्चेचं काय आहे ते बघून ठरवावं.

उदाहरण देतो. आमच्या इथल्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याच्या हद्दीवरची एक जुनी चर्चा आहे, तिच्यात क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर लिहिलंय. १९७९ ला अभयारण्य झालं तेव्हाचा तो आकडा, तेव्हा बरोबरच होता. नंतर हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर राहिली. आता कोणी नवीन पोरगं शोधत येईल तर ते जुनंच वाचून पुढं जाणार, कारण शोधल्यावर तेच सापडतं. दुरुस्ती दुसरीकडं नवीन ठिकाणी लिहिली तर ती त्याला दिसणार नाही. ही दुरुस्ती तिथंच, त्याच चर्चेखाली पाहिजे. कोशांचंपण तसंच की, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, पण १८५७ ला भर घालून दुसरी आवृत्ती काढली, आणि मढी उकरली म्हणून कोणी त्याला नावं ठेवत नाही.

याच्या उलटपण आहे. त्याच ठिकाणी कोणीतरी जुनं लिहिलेलं, ‘आज सकाळी माळढोक दिसला’, आणि एका नव्या मुलानं तारीख न बघता खाली विचारलं, आत्ता गेलो तर दिसेल का, आणि बाकीच्यांनीपण तारीख न बघता गाड्या काढायची तयारी केली. माळढोक आता किती दुर्मिळ झालाय हे माहिती असणाऱ्यांच्या काळजात काय झालं असेल सांगा. तसंच विकून संपलेल्या दुर्बिणीखाली ‘अजून आहे का’. आणि एकदा तर आमच्यातले एक काका, आम्हाला पक्षी ओळखायला शिकवलेले, ते गेल्यानंतर दोन वर्षांनी कोणीतरी त्यांच्या जुन्या उत्तराखाली ‘काका, एक शंका आहे’ असं लिहिलं. त्या मुलाची काही चूक नाही, त्याला माहितीच नव्हतं. पण त्या दिवशी खूप जणांनी फोन केले एकमेकांना. मग एकानं तिथं फार चांगलं केलं, काका नाहीत हे नीट सांगितलं आणि काकांनी जसं समजावलं असतं तसं त्या मुलाची शंका सोडवली.

आता ‘धागा’ या शब्दाकडं येतो. चर्चेला धागा म्हणणं इंटरनेटमुळं पक्कं झालं हे खरं, पण ‘तोच धागा पकडून’, ‘बोलण्याचा धागा तुटला’ हे मराठीत आधीपासून आहेच, पेपरात पोलिसांना ‘धागेदोरे’ सापडतात आणि दोन माणसांचं ‘सूत जुळतं’. (‘सूतोवाच’ मात्र यातलं नाही हां, ते पुराणातलं ‘सूत उवाच’, कथा सांगणारे सूत.) आमच्या गावात तर दोऱ्याला घराघरात वेगळा शब्द, तेलुगू घरात दारम्, कन्नड घरात दार, आणि सुताला दोन्हीकडं नूलु. मराठी पोराला शेजारच्या कानडी आजीनं ‘दार आण’ म्हणलं की ते आधी दरवाजाकडं बघतं.

म्हणून मी शहराच्या पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात काम केलेल्या एका ओळखीच्या मामांना विचारलं की मामा, मागावरचं जुनं सूत संपलं की काय करता. ते म्हणाले, बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) संपत आलं की उभे धागे पूर्ण बाहेर काढायचेच नाहीत, जुन्या धाग्याची टोकं वहीतून (उभे धागे वर-खाली करणारी मागावरची चौकट) आणि फणीतून ओवलेली तशीच ठेवायची आणि नव्या बीमचा एकेक धागा त्याच्या त्याच्या जुन्या टोकाला जोडायचा, मग सगळं हळूच पुढं ओढून घ्यायचं, परत हजारो धागे ओवायची मेहनत वाचते. गाठ बारीक पाहिजे, फणीच्या फटीतून गेली पाहिजे, शेपूट लांब ठेवलं तर शेजारच्या धाग्यात अडकून तोपण तुटतो. आणि शेजारच्याच्या टोकाला चुकून जोडला तर नक्षी बिघडते. मी विचारलं, डिझाईनच बदलायची असली तर? “मग सांधून काय उपयोग, नव्यानं भरायचं सगळं.”

हे ऐकलं आणि मला वाटलं अरे हाच शब्द, सांधणे. दुवा सांधणे आपण म्हणतोच. जुनी चर्चा सांधली. यात मढं नाही, उकिरडा नाही, शिळेपणाचा टोमणा नाही, आणि कसं करायचं तेपण त्यातच आलं, म्हणजे जुनं आधी वाचलं पाहिजे नाहीतर कुठल्या टोकाला जोडणार, आपलं म्हणणं त्याच प्रश्नाचं असलं पाहिजे, आणि लांबलचक शेपूट नको. विषय दुसरा असेल तर नवीन धागा काढावा आणि जुन्याचा दुवा द्यावा.

भर, दुसऱ्या दिवशी : बऱ्याच जणांनी लिहिलंय, सगळ्यांचे आभार. एका ताईंनी ‘उजाळा देणे’ सुचवलं. सुंदर शब्द आहे, पितळेचं भांडं चिंचेनं घासल्यासारखा, पण तो आठवणींना जास्त शोभतो. चुकलेल्या उत्तराला उजाळा दिला असं म्हणता येणार नाही, तिथं दुरुस्ती असते. ‘पुनरुज्जीवन’ एकानं सुचवलं, पण त्यातपण आधी ती मेली होती असं धरावं लागतं, तेच तर मला नको आहे.

दुसरे एक दादा म्हणाले की ‘सांधणे’ म्हणजे तुटलेलं जोडणं, चर्चा तुटलेली कुठं असते, ती थांबलेली असते. मुद्दा बरोबर आहे, मी यावर रात्री विचार केला. पण मागावरचा तो जुना धागापण तुटलेला नसतो, संपलेला असतो, पुढचं सूत यायचं असतं. म्हणून मी तरी ‘सांधणे’ वरच आहे, आणि ज्यांना तो जड वाटतो त्यांनी ‘वर काढणे’ वापरावं, फक्त ‘उकरणे’ भांडणासाठी राखून ठेवूया.

आणि त्या टिटवीच्या चर्चेत आज आणखी एकानं नान्नजचाच फोटो टाकलाय, खाली लिहिलंय, “मागची तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे ते बघितलं, माझा प्रश्न त्याच माळटिटवीचा आहे म्हणून इथंच विचारतोय, हे पिल्लू तिचंच का?” पिल्लू अगदी लहान आहे, मातीत माती. मी अजून बघतोय, उद्या उजेडात मोठ्या स्क्रीनवर बघून तिथंच उत्तर लिहीन.