परदेशी राहून आल्यावर घरातलं काय नव्याने दिसलं? तुमचे अनुभव लिहा

परवा पाच महिन्यांनी घरी परतले. रात्री अडीचला पाणी प्यायला उठले, दिवा न लावताच स्वयंपाकघराकडे गेले, डोळे अर्धवट मिटलेले, आणि भिंतीवर हात गेला तो नेमका बटणावर. तिथेच थांबले मी. कारण हे पाच महिने भाड्याच्या खोलीत रोज रात्री भिंत चाचपडत होते, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ते बटण पहिल्या झटक्यात कधी सापडलं नाही. आणि इथे माझ्या हाताला कुणी काही शिकवलं नव्हतं, इतक्या वर्षांत त्याचं त्यानेच शिकून ठेवलेलं. जाताना वाटलं होतं की माणसांची आठवण येईल, ती आलीच, पण ज्या गोष्टीचं कधी नावसुद्धा घेतलं नाही तिच्यासाठी डोळ्यात पाणी येईल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील. कुठला देश चांगला हा वाद मात्र नको.

*

मी कामानिमित्त तीन आठवडे टोकियोत होतो. शिंजुकू स्टेशनातून बाहेर पडायला २०० च्या वर वाटा आहेत असं ऐकून घाबरलेलो, पण तिथे इंग्रजी पाट्या असतात त्यामुळे स्टेशनात अडलं नाही. अडलं ते गल्लीत शिरल्यावर. हिरागाना, काताकाना आणि कांजी अशा तीन लिप्या एकाच वाक्यात मिसळलेल्या, मला एकही येत नाही. दुकानात दोन सारख्या बाटल्या हातात घेऊन उभा होतो, शाम्पू कुठला आणि कंडिशनर कुठला कळेना. शेवटी एका बाईंनी माझं बोट धरून बाटलीच्या कडेवरून फिरवलं. तिथे शाम्पूच्या बाटलीला बारीक खाचा असतात, न दिसणाऱ्यांना हाताने कळावं म्हणून.

त्या रात्री मला आजी आठवली. तिला वाचता येत नव्हतं. स्टँडवर उभी राहून दर गाडीला विचारायची, "बघ रे, काय लिहिलंय?" आणि मी वैतागायचो, दहा-अकरा वर्षांचा असेन, एकदा तर म्हणालो होतो की किती वेळा विचारतेस. तीन आठवडे मी तिच्या जागी उभा होतो आणि एकही माणूस माझ्यावर वैतागला नाही. आजी आता नाही. परत आल्यापासून मी रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचतो, भिंतीवरच्या जाहिरातीसुद्धा. अक्षर दिसलं की त्याचा अर्थ आपोआप कळतो ही केवढी मोठी गोष्ट आहे!

*

दादा, आजीचं वाचून गलबलून आलं.

माझं भाषेचंच आहे पण बोलण्याचं. बाहेर शिकत असताना पोटात दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टर चांगले होते, फोनवर दुभाषीसुद्धा दिला. त्यांनी विचारलं, दुखणं कसं आहे, शून्य ते दहामध्ये किती? आणि मला सांगताच येईना. कळ येतेय, ठणकतंय, मध्येच चमक मारतेय, बाकी वेळ नुसतं ठसठसतंय, हे चारही वेगळे असतात ना! मी त्यांना "सात" म्हणाले. सात म्हणजे काय? पुढे औषधाने बरं वाटलं, गंभीर काही नव्हतं. सुट्टीत घरी आले तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना सहज म्हणाले, अजून कधीकधी कळ येते हो, तर त्या लगेच म्हणाल्या, "येऊन जाते की रेंगाळते?" एवढंच. मला त्या खुर्चीतच रडू आलं, त्यांना वाटलं फार दुखतंय.

*

नोकरीमुळे एक हिवाळा नॉर्वेत ट्रॉम्सोला काढला. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. पूर्ण काळोख नसतो हं, दुपारी थोडा वेळ निळसर उजेड पसरतो, तो फार सुंदर असतो, पहिले दहा दिवस मी फोटोच काढत होतो. नंतर मात्र झोपेचं गणित बिघडलं, उठल्यावर सकाळ झालीय हे शरीराला पटेना, तिथले सहकारी म्हणाले की रोज ठरलेल्या वेळेला बाहेर पड, दिवा लाव, माणसांत बस. २१ जानेवारीला तिथे सूर्य परत आल्याचा दिवस साजरा करतात. डोंगराआड असलेला सूर्य त्या सुमाराला शहरातून पहिल्यांदा दिसतो. शाळेतली मुलं त्याला बघायला बाहेर येतात. माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, आयुष्य तिथेच गेलेलं, म्हणजे असे किती सूर्य परत आलेले पाहिले असतील, तरी त्यांनी टोपी काढून चेहरा वर केला आणि डोळे मिटून घेतले.

माझ्या घराच्या खिडकीत रोज सकाळी ऊन येतं. त्या उन्हाचा मला राग यायचा, स्क्रीनवर पडतं म्हणून मी जाड पडदा लावला होता. आल्याआल्या तो काढला. टेबल सरकवलं.

*

माझं छोटंसं. बोलिव्हियात एल आल्तोच्या विमानतळावर उतरलो, उंची ४००० मीटरच्या वर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं पण दाब कमी, त्यामुळे एका श्वासात येतो तोच मुळात कमी. बॅग उचलून वीस पावलं चाललो आणि बसलो. रात्री झोपेत सारखी जाग, श्वास पुरेना. चार दिवसांनी खाली आलो आणि रात्रभर शांत झोपलो, मध्ये एकदाही श्वासाची आठवण झाली नाही.

*

सगळं वाचतेय, फार छान लिहिताय सगळे. एक मनात आहे ते बोलते. मीही आधी एका गरीब देशात फिरून आले आणि सगळ्यांना सांगत सुटले की आपण किती नशीबवान, त्यांच्याकडे बघा, पाण्यासाठी किती चालतात. एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, म्हणजे तुला बरं वाटावं म्हणून त्यांनी चालत राहायचं का? खूप लागलं, पण तिचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या कमीवर उभं राहून आलेलं समाधान मला आता नको वाटतं. त्या बाईंनी, ज्यांच्या घरी मी राहिले होते, दूरवरून आणलेल्या पाण्यातला पहिला पेला मला दिला होता. मी घटाघट प्यायले. आता नळ सोडला की तो पेला आठवतो, त्यांची गरिबी नाही, त्यांचं देणं आठवतं. नळ पण लवकर बंद होतो.

*

सगळ्यांना परतल्यावर लगेच असं भरून येतं का? मला नाही आलं. चार वर्षांनी आलो तर पहिले दोन महिने नुसती चिडचिड, हे असंच का, ते तसंच का, घरचे कंटाळले. मित्र बोलावेनात कारण मी प्रत्येक वाक्यात "तिकडे ना" म्हणायचो. नंतर वाचनात आलं की यावर अभ्यास झालाय, गुलाहॉर्न नावाच्या संशोधक दाम्पत्याने १९६३ मध्ये लिहिलं होतं की परदेशात जुळवून घेताना मन जसं वर-खाली होतं तसंच परत आल्यावर पुन्हा एकदा होतं. ते वाचून जरा हायसं वाटलं. ज्यांना आता असं होत असेल त्यांनी स्वतःला कृतघ्न समजू नका, थोडा वेळ जाऊ द्या. माझं कधी बदललं सांगता येणार नाही, पण एक दिवस बाबा नेहमीचा किस्सा तिसऱ्यांदा सांगत होते आणि लक्षात आलं की मी मोबाईल बाजूला ठेवून ऐकतोय.

*

बाबांवरून लिहितेय. मी दोन वर्षं एकटी राहिले. खोली चांगली, शेजार चांगला, त्रास काही नाही. पण संध्याकाळी दार उघडून आत गेले की काहीच व्हायचं नाही. मी आले काय, नाही आले काय, त्या घराला पत्ता नसायचा. एकदा बर्फामुळे ट्रेन अडकली, पहाटे दोनला पोचले, आणि जाणवलं की आपण उशिरा आलोय हे जगात कुणालाच माहीत नाही.

आमच्या घरी फाटकाची कडी वाजली की आतून आई विचारते, "कोण, आलीस का?" शाळेत असल्यापासून विचारते. कॉलेजात असताना मला त्याचा जाच वाटायचा, मी कडी न वाजवता हळूच यायचे. आता आईला थोडं कमी ऐकू येतं. काल ऑफिसातून आले तेव्हा आतून आवाज आला नाही, म्हणून परत मागे गेले आणि कडी दोनदा जोरात वाजवली.

"कोण, आलीस का?"