हार्डटेलवर लांबच्या राइडला कंबर धरते, बोटं बधिर होतात

मागचं_चाक:
माझी २९ इंची चाकांची हार्डटेल आहे, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल. चाळीसेक किलोमीटरपर्यंत मजेत जाते, मग कंबर धरते आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा कच्चा. टायर २.२५ इंच रुंद, ट्यूबवाले, हवा ५० पीएसआय. माझं वजन ७२ किलो. सायकल बदलायची नाही, चढावर ती जशी झेपावते ते मला फार आवडतं. सस्पेन्शन सीटपोस्ट (सीटखालचा हादरे झेलणारा दांडा) घेऊ की जाड गादीचं सीट?

कच्ची_वाट:
आत्ता दोन्ही नको. आधी हवा काढा! तुमच्या वजनाला ५० फार होते. मागे ३०, पुढे २७ पासून सुरुवात करा. दगडावर रिम ठणकली तर दोन-दोन पीएसआय वाढवा, कारण ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली की तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस केलंत तर ती भीती जाते आणि हवा आणखी उतरवता येते. हार्डटेलला मागचं सस्पेन्शन म्हणजे टायरच, म्हणून मी याच्याबद्दल इतका आग्रही आहे.

बोटांचं कारण वेगळं. त्या दोन बोटांची नस तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाते आणि नेमका तिथेच भार पडतो. सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळं वजन हातांवर येतं. ब्रेकचे लिव्हर असे फिरवा की बोटं त्यावर ठेवल्यावर मनगट सरळ राहील. तळव्याला टेकू देणाऱ्या रुंद ग्रिप्स लावा, आणि हात मधूनमधून हलवत राहा.

स्पोक_आणि_निपल:
कंबरेसाठी सीटची उंची तपासा. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट जास्त वर असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते. कुणाला तरी मागून बघायला सांगा. जाड गादी लांबच्या राइडला उलट जाचते. बसायची हाडं तिच्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन दाबतो. हाडांमधल्या अंतराला साजेशी रुंदी हवी. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालू नका, शिवणी घासतात.

मागचं_चाक:
हवा ३०/२७ केली, कच्च्या वाटेवरचा खडखडाट लगेच कमी झाला! सीटचं नाक खरंच खाली होतं, तेही समतल केलं. बोटं बरीच बरी आहेत. कंबर अजून थोडी दुखते. फोर्क (पुढचं सस्पेन्शन) हवेवर चालणारा, १०० मिमी दबणारा आहे, त्यात काही करायचं का?

कच्ची_वाट:
छान! फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग खाली सरकवा, सायकलवर नीट बसा, न हिंदकळता उतरा. रिंग साधारण २० मिमी वर सरकलेली हवी. कमी सरकली तर शॉक पंपाने (सस्पेन्शनच्या हवेचा खास पंप) फोर्कमधली थोडी हवा काढा.

एवढं करूनही, बसून पेडल मारताना कच्च्या रस्त्याचे हादरे पाठीत जाणवले, तर मात्र सस्पेन्शन सीटपोस्ट जरूर घ्या. आधी जुन्या पोस्टवर कोरलेला व्यास वाचा: २७.२, ३०.९, ३१.६ असे वेगवेगळे असतात. तुम्ही बसलात की सस्पेन्शन सीटपोस्ट थोडा दबतो, त्यामुळे सीटची उंची बसून पुन्हा लावा.