सेल्फ मारला की नुसतं 'टक्' : दुचाकीच्या बॅटरी-स्टार्टरचे अनुभव लिहा

मी पुण्यातल्या कर्वेनगरचा. माझी मोटरसायकल सात वर्षांची आहे. गेल्या तीन वर्षांत सकाळी ऑफिसला निघताना सेल्फचं बटण दाबावं आणि सीटखालून एकच 'टक्' यावं, असं कितीतरी वेळा झालं. दर वेळी निदान एकच: बॅटरी गेली. दोन बॅटऱ्या बदलल्या. नवी टाकली की चार-सहा महिने बरे जायचे, मग पावसाळा आला की पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. 'टक्' होताना मीटरमधला दिवा जराही मंद होत नव्हता. बॅटरीत जोर नसेल तर दिवा बसायला हवा. मल्टीमीटर आणला. बॅटरी १२.६ व्होल्ट. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टला लावली आणि मुलाला सेल्फ दाबायला सांगितलं. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं, जास्तीत जास्त पाव व्होल्ट. दिसले साडेसहा! म्हणजे निम्म्याहून जास्त व्होल्टेज बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणाऱ्या अर्थिंगच्या वायरमध्येच अडकत होतं. इंजिनवरचा तिचा बोल्ट सोडवला, तर खाली तांबूस गंजाचा थर. पॉलिश पेपरने घासला, घट्ट आवळला, पहिल्या दाबाला गाडी चालू झाली. बॅटरी बदलताना वायर हलायची, तेवढ्यापुरता संपर्क नीट व्हायचा, आणि श्रेय नव्या बॅटरीला जायचं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण न मोजता बदलत राहिलो याचं जास्त आहे. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. लक्षण काय होतं, काय तपासलं, शेवटी काय निघालं. दुरुस्तीचा खर्च नाही लिहिला तरी चालेल.

सिंहगड रोड

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीच्या बाजूला इमारतींमध्ये शिरलं, तेव्हा माझी स्कूटर पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर बाबांनी किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, "सेल्फला हात लावायचा नाही." आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग ढकलत गॅरेजला नेली. मेकॅनिकने स्टार्टर मोटर उघडली तर कार्बन ब्रशच्या खाचेत गाळ बसलेला. इंजिन ऑइल दुधाळ झालं होतं, ते दोनदा बदललं.

गाडी सुरू झाली, पण खरा त्रास दिवाळीत आला. सेल्फ दाबून सोडला तरी स्टार्टर फिरतच राहिला. किल्ली बंद केली तरी करकर चालूच. रिलेच्या (सेल्फ दाबल्यावर स्टार्टर मोटरला करंट जोडणारा स्विच) आत पाणी गेलं होतं आणि त्याचे पॉइंट एकमेकांना चिकटले होते. डिकीत १० नंबरचा पाना होता म्हणून बॅटरीची वायर लगेच काढता आली, नाहीतर मोटर जळली असती. तेव्हापासून तो पाना डिकीतच असतो. पाण्यात बुडालेल्या गाडीची रिले आणि सगळे कपलर (वायरी जोडणारे प्लग) उघडून सुकवून घ्या. माझ्या गाडीत तीन कपलरमध्ये हिरवा थर निघाला.

हडपसर (मी ऑटो वायरमन आहे)

वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते थेट "बॅटरी टाका" म्हणतच येतं. मी म्हणतो, आधी आवाज ऐकू द्या.

भराभर खट्खट्खट् असा आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच टक् आला आणि दिवे तसेच राहिले, तर रिले ओढतेय पण करंट मोटरपर्यंत जात नाही: रिलेचे पॉइंट, जाड वायर, अर्थिंग नाहीतर मोटरचे कार्बन. टक् आला आणि दिवे एकदम बसले, तर बॅटरीत दम नाही किंवा मोटर जाम. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, किल स्विच, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, साइड स्टँडचा स्विच. हे बघायला पैसे लागत नाहीत.

मीटर असेल तर तीन वेळा मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ ते १२.८ आले तर बॅटरी भरलेली. सेल्फ मारताना १० च्या आसपास किंवा वर राहायला हवी. साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीचं लक्षण बरं नाही. गाडी चालू करून रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.५. रेस देऊनही १२ च्या घरात अडकली तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेली तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं, आणि ते बॅटरी शिजवतं. फुगलेली बॅटरी दिसली की मी आधी आरआर तपासतो, नाहीतर नवीही महिन्यात फुगते.

आणि एक. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना पॉझिटिव्हवर असताना चेसिसला टेकला तर ठिणगी अशी पडते की पान्याला खड्डा पडतो.

कोथरूड, सध्या शिक्षणासाठी रूमवर

दिवाळीत नांदेडला घरी गेलो, बारा दिवसांनी परत आलो तर गाडी पूर्ण मेलेली. हॉर्नसुद्धा नाही. चार्ज करून घेतली, पण दोन आठवडे न चालवता ठेवली की पुन्हा तेच.

शेवटी किल्ली बंद ठेवून निगेटिव्ह वायर काढली आणि मीटर करंटवर ठेवून मध्ये जोडला. ३८ मिलिअँपिअर दिसले. दिवसाला जवळपास ०.९ अँपिअर-तास. माझी बॅटरी ९ ची, म्हणजे दहा दिवसांत ठणठणीत रिकामी. मग एकेक फ्यूज काढत गेलो. एक काढल्यावर आकडा २ वर आला. त्यावर जीपीएस ट्रॅकर आणि हँडलवरचा मोबाइल चार्जर होता, दोन्ही मीच थेट बॅटरीवरून जोडून घेतलेले. चार्जर आता किल्लीमागच्या लाइनवर आहे, आणि घरी जाताना ट्रॅकरचा फ्यूज काढून जातो.

मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. मी मारला आणि मीटरमधला फ्यूज उडाला.

सदाशिव पेठ

अरे, तू मोजून शोधलंस हे फार छान केलंस. माझ्याकडे जुनी बुलेट आहे. हेडलाइटवर अँमीटर आहे; काटा उजवीकडे गेला की भरतेय, डावीकडे की खातेय. अजून त्याच्याकडे बघितल्याशिवाय पहिला गिअर टाकत नाही. बॅटरी पाण्याची आहे. दर महिन्याला अप्पर-लोअरच्या रेघा बघतो, फक्त डिस्टिल्ड वॉटर घालतो. नळाचं कधीच नाही, त्यातले क्षार प्लेटवर बसतात. टर्मिनलवर पांढरी-निळी भुकटी आली तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं. सोडा तेवढा बॅटरीत जाऊ द्यायचा नाही. पुसून वर पेट्रोलियम जेली.

बाणेर

माझा किस्सा ताम्हिणीतला. बीएस-६ ची गाडी, किक नाही. धबधब्यापाशी गाडी बंद केली, परत लावली तर सेल्फ नाही. चौघांनी मिळून उतारावर धक्का दिला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, चाक फिरलं, इंजिन फिरलं, पण पेटेना. तेव्हा कळलं की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) बॅटरीवर चालतात. बॅटरी अगदीच रिकामी असेल तर धक्का स्टार्टचा भरवसा नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीच्या सवयीने आम्ही अर्धा तास भिजत ढकलत होतो. एका पिकअपवाल्या दादांनी पौडपर्यंत गाडी आणून दिली.

बॅटरी चार्ज केली तर ठीक. पण गाडी चालू असताना मीटरवर १२.१, रेस दिली तरी १२.१. इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर सोडवला. तिन्ही वायरींची आपसात जोडणी दाखवायला हवी, पण इंजिनच्या बॉडीशी एकीचीही नको. माझ्या गाडीत बॉडीशी लावल्यावरही मीटरचा बीप वाजला. साइड कव्हर उघडल्यावर कॉइलच्या दोन गुंडाळ्या कोळशासारख्या काळ्या, जळक्या वार्निशचा वास. नाना पेठेतून नवी कॉइल आणि गॅस्केट आणलं, आरआरही तपासून घेतलं. हेडलाइट २०१७ पासून कायम चालू असतात, त्यात मी दोन फॉग लाइट लावले होते. ते आता फक्त घाटात लावतो.

पिंपळे सौदागर

माझं छोटंसं. सेल्फला आवाजच नाही, बॅटरी नवी. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल सुकून बसला होता, गाडीला वाटत होतं स्टँड खालीच आहे. पाणी मारून ब्रशने साफ केलं, झालं. पावसात दर रविवारी तेवढं धुतो.

पुन्हा कर्वेनगर

हडपसरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री मोजलं. माझी गाडी: उभी १२.७, सेल्फला १०.६, रेसवर १४.२. आधी काढलेली एक बॅटरी गॅलरीत चौदा महिने पडून होती. ती चार्ज केली तर १२.५ दाखवते, पण गाडीला लावून सेल्फ मारला की ७.८. ती वाचेल का?

हडपसर

नाही वाचणार. काढली तेव्हा चांगली असेलही, पण उतरलेली बॅटरी वर्षभर तशीच ठेवली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. व्होल्ट दिसतात, करंट निघत नाही. काढून ठेवायचीच असेल तर पूर्ण भरून ठेवा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. ९ ची असेल तर ०.९ अँपिअरने, मोटारीच्या मोठ्या चार्जरने नाही. ही आता कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल आहे. बॅटरीच्या दुकानात जुनी घेतात.