रायफलधारींचा हिरवा रंग आणि जोडीचा बेस

नेपोलियनकालीन ब्रिटिश सैन्यातील ९५व्या रायफल्स या रेजिमेंटच्या, युद्धखेळासाठीच्या छोट्या आकृत्या रंगवण्याच्या चर्चेत 'त्यांचा गडद हिरवा रंग खेळाच्या टेबलावर काळाच दिसतो' असे निरीक्षण कोणी मांडले आहे, आणि ते अगदी योग्य आहे. मात्र त्यावर सगळा कोटच उजळ हिरवा करण्याचा सुचवलेला उपाय मला पटत नाही, कारण त्याने पट्टे, कॉलर आणि कफ यांचा काळा रंग कोटापासून फटकून दिसतो. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या पहिल्या थरावर) गडद हिरवा देऊन फक्त घड्यांच्या कडांवर थोडा राखाडी मिसळलेला हिरवा ओढावा आणि कॉलर-कफांची पांढरी किनार शक्य तितकी बारीक ठेवावी. २८ मिमीच्या आकृतीला खरा उठाव ही किनारच देते. या सैनिकांच्या बेकर रायफलच्या दस्त्यातील पितळी झाकणावर सोनेरी रंगाचा एक ठिपका पुरतो.

बेसिंगबद्दल, म्हणजे आकृत्या तळाच्या चकतीवर (बेसवर) बसवण्याबद्दल, चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. हे सैनिक विखुरलेल्या फळीत जोडीने लढत आणि दोघांपैकी एकाची बंदूक कायम भरलेली राहील अशी काळजी घेत. म्हणून एका बेसवर दोनच आकृत्या, एक नेम धरलेली आणि दुसरी बार भरणारी, अशा लावाव्यात. त्याच सैन्यातील, हिरव्या गणवेशाच्या ६०व्या रेजिमेंटच्या ५व्या बटालियनसाठीही हीच मांडणी चालते, फक्त तिथे कॉलर आणि कफ लाल हवेत.