निवेदन दिलं, पुढे काय झालं? – अनुभव सांगा

मंडळी, दिवाळीत माळा आवरताना वडिलांची एक फाइल हाती लागली. आमच्या पेठेत वरच्या मजल्यांना पाणी चढत नसे, त्याबद्दल त्यांनी पालिकेला दिलेल्या अर्जांच्या कार्बन कॉपी. अकरा अर्ज, विषय एकच. प्रत्येकाच्या कोपऱ्यात गोल शिक्का, निळ्या शाईत आवक क्रमांक आणि तारीख. शेजारच्या बिऱ्हाडांच्या सह्या पहिल्या अर्जावर सतरा, शेवटच्यावर बावन्न. बारावा कागद आभाराच्या पत्राचा, आणि त्याच्यावरसुद्धा पोच घेतलेली.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ माळ्यावरच बसून होते. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते आहे. सही आपण सगळेच करतो. स्टेशनबाहेर कुणी पुढे केलेल्या कागदावर करतो, मोबाइलवर करतो. पण अर्ज टेबलावर ठेवल्यानंतरचं फारसं कुणी लिहीत नाही. ते लिहा. काम झालं नसेल तर तेही लिहा.

पुण्याची म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. 2 एप्रिल 1870 ला इथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचं सभासद व्हायचं तर वर्गणी भरून भागत नसे. किमान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. असे 95 सभासद आणि त्यांच्यामागे सहा हजारांवर माणसं. सरकारकडे अर्ज करणारा कुणाच्या वतीने बोलतोय, हे आधी कागदावर सिद्ध व्हायचं. वडिलांच्या फाइलीतल्या सतराच्या बावन्न सह्या कशा झाल्या असतील, ते मला त्यावरून कळलं. ते प्रत्येक वेळी जिने चढले असणार.

पश्चिम महाराष्ट्रातलं एक गाव, बचत गटातल्या ताई

आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान आम्ही बायकांनी बंद केलं. तालुक्याचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच राहायचं आहे.

नियम 2008 च्या सरकारी आदेशाचा आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्यांनिशी अर्ज केला की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ऐकायला सोपं आहे. सगळी मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या निम्मी. म्हणजे वारलेली आजी यादीत असेल तर तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच. लग्न होऊन नांदायला गेलेल्या पोरीचंही तसंच.

आमच्या यादीत बाराशेच्या आसपास बायका. सह्यांना आम्ही संध्याकाळी जायचो, पुरुष माणसं पारावर असताना. एका घरी आक्का चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला सही येत नाही गं, अंगठा चालंल का?" म्हटलं, "चालतो आक्का, सहीइतकाच चालतो." त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर इतका दाबून उठवला की खालच्या पानावरही डाग आला. दुसऱ्या दिवशी कळलं, मुलाने अंगठ्याची शाई बघितली आणि रात्री घरात मोठं भांडण झालं. आक्कांनी राखेनं घासलं होतं, पण शाई नखाच्या कडेला राहिली होती. मी माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "पुसायला नको होती मी. तसाच दाखवायचा होता त्येला."

पडताळणीला साहेब आले तेव्हा एकेकीला बोलावून विचारत होते, ही सही तुमचीच का, कुणी जबरदस्ती केली का. त्या दिवशी काही जणी घाबरून मागे सरल्या. दुकानाकडून दमदाटी झाली, आधी पैसे पोचले होते, सगळं झालं. आक्का मात्र ओळखपत्र घेऊन पहिल्या रांगेत.

मग आम्ही यादी घेऊन बसलो. मयत किती, बाहेरगावी किती, मुंबईला कोण. मुंबईतल्या भावकीला फोन केले, लेकींच्या सासरी निरोप धाडले. मतदानाच्या दिवशी सकाळच्या एस्टीतून अकरा पोरी उतरल्या, काहींच्या कडेवर लेकरं. निकाल लागला तेव्हा लागणाऱ्या आकड्यापेक्षा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मतं जास्त होती. त्या अकरा आल्या नसत्या तर काय, ह्याचा विचार मी अजून रात्री करते.

रायगड, शेतकरी घरातला

ताई, तुमच्या यादीवरून आमच्या हरकती आठवल्या. महामुंबई सेझसाठी, म्हणजे उद्योगांच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण-उरण भागातल्या जमिनींच्या नोटिसा आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. आधी गावाने मिळून एकच मोठं निवेदन लिहिलं, शेकडो सह्यांचं. एका जाणत्या कार्यकर्त्याने ते वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, हे द्या, पण ह्यावर थांबू नका. भूसंपादनाच्या तेव्हाच्या कायद्यात, म्हणजे 1894 च्या, कलम 5 अ प्रमाणे ज्याची जमीन जाते त्याला स्वतःची हरकत घेता येते, आणि ती 30 दिवसांत घ्यावी लागते. घेतली की त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणं अधिकाऱ्याला भाग असतं. एका कागदावरच्या चारशे सह्या म्हणजे एक निवेदन. चारशे खातेदारांच्या चारशे हरकती म्हणजे चारशे सुनावण्या.

मग आमच्या ओटीवर रात्र रात्र लिखाण चाललं. प्रत्येकाचा सातबारा, गट नंबर, पीक कोणतं, पाणी कुठलं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन आहे, हे प्रत्येक अर्जात लिहिलं. माझं अक्षर बरं म्हणून मी पंचवीस-तीस अर्ज लिहिले असतील. वडील अर्जावर सही करण्याआधी पूर्ण वाचायला लावायचे, मोठ्याने. एकदा गट नंबर चुकला तर अख्खा कागद परत लिहायला लावला.

पुढे मोर्चे, उपोषणं बरीच झाली, नुसत्या अर्जांनी काही होत नाही. पण 21 सप्टेंबर 2008 ला लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं, ते बघायला मी होतो. जमीन द्यायची की नाही, हे प्रशासनाने गावात येऊन विचारलं. म्हातारी माणसं धुतलेलं धोतर नेसून आली होती, जसं देवळात जातात. सेझ झाला नाही. त्या जमिनीत आमचं भात अजून आहे.

शिक्षिका, रत्नागिरी

माझी गोष्ट घरबसल्याची आहे. मार्च 2020 मध्ये केंद्राने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला आणि हरकती मागवल्या. टाळेबंदी चालू होती. मसुद्यात प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी लोकांना मिळणारे 30 दिवस 20 वर आणायचं म्हटलं होतं. कोकणात राहणाऱ्याला जनसुनावणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ज्यांच्या खाडीत सांडपाणी येतं ते दालदी, भंडारी, कुणबी इंग्रजीतला मसुदा वाचणार कसे?

मी आठवड्याभरात त्यातले आठ मुद्दे मराठीत लिहून पालकांच्या गटावर टाकले. हरकतीचा तयार नमुना मुद्दाम दिला नाही. म्हटलं, तुमच्या खाडीचं, तुमच्या विहिरीचं लिहा. एका मच्छीमार पालकाने फोनवर मला सांगितलं आणि मी टाइप केलं: कोणत्या महिन्यात कोणती मासळी मिळायची आणि आता काय मिळतं. सगळ्यांत चांगली हरकत तीच होती. 30 जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत आणायला सांगितलं. मला त्या दिवशी रडू आलं. देशभरातून लाखांनी ईमेल गेले, त्यात आमचे साठेक.

संगणक क्षेत्र, पुणे

रत्नागिरीच्या शिक्षिकाबाईंनी नमुना दिला नाही हे फार बरं केलं. 2015 मध्ये इंटरनेट समानतेसाठी, म्हणजे कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं म्हणून, ट्राय ह्या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले, त्यात माझा होता. तयार मजकूर होता, पण ट्रायने विचारलेल्या वीसही प्रश्नांची उत्तरं त्यात होती. त्याच वर्षअखेरीस फेसबुकने आपल्या फ्री बेसिक्ससाठी, म्हणजे निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या सेवेसाठी, वापरकर्त्यांकडून पाठिंब्याचे संदेश पाठवून घेतले, तेही लाखांनी. ट्रायने स्पष्ट सांगितलं की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत नाहीत. 8 फेब्रुवारी 2016 ला भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी आली. तेव्हापासून कुठलीही सही करण्याआधी मी बघतो, हा कागद विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतोय का.

ठाणे जिल्हा, सोसायटीची माजी सचिव

आमचं काम झालं नाही. शाळेसमोर गतिरोधक हवा होता. तीनशे सह्या जमवल्या, पण घाई केली. काही घरांत एकानेच चौघांच्या सह्या ठोकल्या. अधिकाऱ्याने पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं, मग खालच्या तीन ओळींवर, आणि काहीच न बोलता कागद मिटला. खऱ्या सह्या अडीचशे तरी होत्या. त्याही गेल्या. ज्या आजोबांनी काठी टेकत खाली येऊन सही केली होती, त्यांना काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

सेवानिवृत्त कर्मचारी, विदर्भ

मी टेबलाच्या पलीकडचा. नोकरीतली शेवटची सहा वर्षं आवक बारनिशीत काढली. तुम्ही देता तो कागद आधी माझ्याकडे येई. मी नंबर टाकणार, साहेबांच्या टपालात ठेवणार, त्यांचा शेरा पडला की तो शाखेत जाणार. इथेच बहुतेक निवेदनं हरवतात, आणि दर वेळी कुणाच्या वाईट हेतूने नाही. रस्ता, दवाखाना आणि रेशन एकाच अर्जात असलं की कागद तीन कार्यालयांत "उचित कार्यवाहीस्तव" जातो आणि कुणाचाच राहत नाही. म्हणून एक कागद, एक विषय, आणि ज्याला अधिकार आहे त्याच्याच नावाने. बाकीच्यांना प्रत माहितीसाठी.

सह्यांच्या प्रत्येक पानावर विषय वर लिहा. टाचणी निघते, पानं सुटतात, आणि मग नुसत्या नावांची पानं कशाची ते कळत नाही. मी अशी पानं कपाटात पाहिली आहेत. त्यावरचे अंगठे बघून वाईट वाटायचं. ह्या माणसांनी कामधंदा सोडून ते उठवलेले असतात.

जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लोक गावाचं सामूहिक निवेदन घेऊन येत आणि परत जात. तिथे तक्रार वैयक्तिक लागते आणि पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावी लागते. हे त्यांना बसभाडं खर्चण्याआधी कुणी सांगत नसे. आम्हीही सांगत नव्हतो, ही आमची चूक.

आणि पोच घेतल्यावर गप्प बसू नका. दप्तर दिरंगाईचा कायदा 2005 चा आहे. त्याप्रमाणे साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. महिनाभराने दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका: माझा आवक क्रमांक अमुक, त्यावर कोणत्या तारखेला कोणी काय केलं, नोंदींच्या प्रती द्या. भांडण नको, आरोप नकोत. हा अर्ज शाखेत आला की फाइल शोधली जाते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

इंग्लंड, मूळ नाशिक

इथे संसदेच्या संकेतस्थळावर याचिका टाकता येते. आधी पाच समर्थक लागतात, मग ती सहा महिने खुली राहते. 10,000 सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. नागरिकत्व नसलं तरी इथे राहणारा सही करू शकतो, म्हणून भारतीय पासपोर्टवर असताना मी करू शकलो. 2019 ला ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं रद्द करा म्हणणाऱ्या याचिकेवर साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या. 1 एप्रिलला चर्चा झाली आणि सरकारने नकार दिला. एवढ्या सह्यांनंतर नाही ऐकणं जड गेलं. पण नकार लेखी होता, कारणांसकट होता, आणि तो आजही वाचता येतो. नाशिकला माझ्या आईने पथदिव्यासाठी दिलेल्या अर्जाला "नाही" असंही कधी आलं नाही. तिला नकार चालला असता. उत्तर हवं होतं.

बचत गटातल्या ताई, पुन्हा

विदर्भातल्या काकांनी लिहिलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं. दुकान बंद झाल्यावर काय, असं एकीने विचारलंय. चोरून दारू येते, खोटं कशाला सांगू. पण चौकातून पोरींना शाळेत जाताना मान खाली घालावी लागत नाही.

आता आठवीनंतरच्या पोरींसाठी संध्याकाळची एस्टी मागतोय. एकच विषय, आगार व्यवस्थापकांच्या नावाने. एक्केचाळीस सह्या झाल्यात, प्रत्येक पानावर विषय वर लिहिलाय. पहिला अंगठा आक्कांचा. सोमवारी मी आणि आक्का, दोघी जाऊन देणार आहोत, आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.