शिक्षकांचं प्रशिक्षण हॉलमध्ये नको, वर्गात हवं

सातपुड्यातली बाई
धडगाव तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर अकरा वर्षं आहे. पहिलीतली मुलं घरी पावरी बोलतात, मराठी पहिल्यांदा ऐकतात ती माझ्या तोंडून. इतकी प्रशिक्षणं केली, पण मुलाला आपली भाषाच कळत नसेल तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे कुणी दाखवलं नाही. हॉलमध्ये पीपीटी वाचून दाखवतात, सह्या होतात, चहा होतो. तेवढे दिवस इकडे सहकारी एकटा चारही वर्ग सांभाळतो. त्यापेक्षा एखादा जाणता शिक्षक महिन्यातून एक दिवस माझ्या वर्गात मागे बसवा. हातच्याची वजाबाकी शिकवताना माझं कुठे चुकतं, ते त्यालाच दिसेल.

डीएड २००८, सोलापूर
ताई, दुखणं त्याच्या आधीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये शिक्षक घडवण्याची पद्धत तपासायला न्या. वर्मा आयोग नेमला, तो महाराष्ट्रातल्याच 291 डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून. माझ्या कॉलेजात सराव पाठांच्या वह्या शाळेत पाऊल न टाकता भरल्या जायच्या. मीही भरल्यात. पहिल्या नोकरीत साठ पोरांसमोर उभा राहिलो तेव्हा हातपाय गळाले. तिथे आधी हात घाला. नोकरीत आल्यावर महिन्यातून एक दिवस कुणी येऊन पाया भरणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक
मागे बाहेरचा माणूस बसला की शिक्षक त्याला तपासणीच समजतो. त्या दिवशी ठरलेला पाठ, ठरलेली हुशार मुलं. तीस वर्षं हेच पाहिलं. आणि जाणता माणूस आणणार कुठून? आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांचा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो.

कऱ्हाडकर
सर, साताऱ्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, आठवा. राज्यभरातले शिक्षक तिथले वर्ग बघायला यायचे, फरशीवर आखलेल्या आकृत्यांवर मुलं बसून काय करतात ते पाहून जायचे. कुणी तपासायला आलं नव्हतं, तरी लोक शिकले.

सातपुड्यातली बाई
सर, तपासणीची भीती खरी आहे, मलाही वाटते. म्हणून येणाऱ्याने अहवाल लिहायचा नाही, वर पाठवायचा तर मुळीच नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण म्हटलंय, त्यातले निम्मे असे वर्गात धरा. सोलापूरचे दादा, कॉलेजं सुधारायलाच हवीत, तुमचं पटतं. पण ती सुधारेपर्यंत माझी आत्ताची पहिली पाचवीत गेलेली असेल.