अस्तित्ववाद वाचायचाय, सुरुवात कुठून करू?

कामूची 'द आउटसायडर' (१९४२) दोनदा वाचली. खटला खुनाचा, पण सरकारी वकील बोलत राहतो ते आईच्या अंत्यविधीला हा रडला नाही म्हणून. ते काही डोक्यातून जात नाही. उत्साहाने हायडेगरचं 'बीइंग अँड टाइम' आणलं आणि तिसाव्या पानावर अडकले. तत्त्वज्ञान शिकलेले नाही. जाणकारांनी क्रम सुचवावा.

प्रतिसाद १
हायडेगर सध्या राहू द्या. आधी सार्त्रची 'नॉशिया' (१९३८) घ्या. नायक बागेत बाकावर बसलाय, खाली चेस्टनटचं मूळ जमिनीत रुतलंय. बघता बघता 'मूळ' हा शब्दच गळून पडतो आणि समोर उरतं ते नुसतं काळं, गाठाळ असणं. ते प्रकरण सावकाश वाचा, घाईने हाती लागत नाही. मग त्याचं १९४५चं पॅरिसमधलं व्याख्यान, 'एक्झिस्टेन्शियालिझम इज अ ह्युमॅनिझम'. माणूस आधी असतो, मग आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो, हा अस्तित्ववादाचा गाभा तिथे सापडेल. त्यात एक विद्यार्थी विचारतो, आईजवळ राहू की इंग्लंडला जाऊन लढू? सार्त्र सांगतो, तू मोकळा आहेस, निवड कर. मला हे उत्तर निष्ठुर वाटत नाही. कुठलंही नीतिशास्त्र त्याच्या वतीने ठरवू शकत नव्हतं.

प्रतिसाद २
क्रम पटला, पण फेनॉमेनॉलॉजी सोडलीत तर अर्धंच हाती येईल. सिद्धांत बाजूला ठेवा, गोष्ट अनुभवाला येते तशी तिचं वर्णन करा, हा तिच्या प्रवर्तकाचा, हुसर्लचा आग्रह. तो स्वतः वाचायला जड आहे, म्हणून मेर्लो-पाँतीच्या 'फेनॉमेनॉलॉजी ऑफ पर्सेप्शन'मधला (१९४५) शरीरावरचा भाग आधी वाचा. तिथे अंध माणसाची काठी येते. सवयीने ती वस्तू राहत नाही, स्पर्श तिच्या टोकाशी पोचतो. माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. काठी टेकवून ते म्हणायचे, "इथली फरशी उखडलीय." बोटं मुठीवर, पण जाणवायचं खाली फरशीशी. ते पान वाचलं त्या दिवशी पुढे वाचवलं नाही.

प्रतिसाद ३
सिमोन द बोव्हारचं 'द सेकंड सेक्स' (१९४९) वगळू नका. बाईपण जन्माने येत नाही, ते घडवलं जातं, हे तिने याच विचारातून मांडलं. आणि 'कोसला' (१९६३) वाचली असेल तरी नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं आता पुन्हा काढा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काठीचं वाचून बराच वेळ गप्प बसले होते. 'नॉशिया' आमच्या वाचनालयात आहे, शनिवारी आणते. बागेचं प्रकरण झालं की इथेच लिहीन.